पुस्तक परत देताना माणूस काय बोलतो

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय 38, पुण्यात आयटीत नोकरी, मूळ गाव नाशिक जिल्ह्यातलं, पण तिथल्या घराला आता कुलूप. गेल्या वर्षभरात 16 पुस्तकं विकत घेतलीत, त्यातली 11 पूर्ण वाचलीत, आणि आज कुणी विचारलं तर एकाबद्दलही धड चार वाक्यं सांगता येत नाहीत. म्हणून तुम्ही विचारलंत: निसर्ग, गोष्ट, माणसांचं काम आणि एखादं ठिकाण, यांवरची अशी मराठी पुस्तकं सांगा, जी वाचल्यावर सोबत राहतील.

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, 26 वर्षं झाली. म्हणजे मी जे सांगणार आहे ते समीक्षकाचं मत नाही. देवघेवीच्या खिडकीत बसून, पुस्तक नेणारी आणि परत आणणारी माणसं बघून जे कळलं, तेवढंच आहे.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. याद्यांची तुम्हाला वाण नाही. ती 16 पुस्तकं कुठल्या ना कुठल्या यादीवरूनच आली असणार. वाचलेलं राहत नाही, ही खरी अडचण. दुसरं असं की तुम्ही चार विषय वेगवेगळे मांडलेत, जणू चार कपाटं आहेत. माझा अनुभव उलटा आहे. निसर्गाचं पुस्तक फक्त निसर्गाचं असेल तर ते बहुतेकांच्या डोक्यातून महिन्याभरात उतरतं. जे राहतं त्यात कुणीतरी त्या रानात, त्या शेतात, त्या नदीवर काहीतरी काम करत असतं. मेंढरं राखत असतं, मध काढत असतं, जनावरांची गणती करत असतं. त्या कामाच्या निमित्ताने ठिकाण कळतं, ठिकाणावरून निसर्ग कळतो, आणि कामात अडचण आली की गोष्ट आपोआप सुरू होते. तुमचे चारही विषय एकाच पुस्तकात सापडतील असं बघा, एवढाच माझा सल्ला आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

हे मला कसं कळलं ते सांगते. पुस्तक परत द्यायला आलेल्या माणसाला मी नेहमी विचारते, "कसं वाटलं?" बरेच जण "छान आहे" म्हणतात आणि दुसरं मागतात. ते पुस्तक गेलं, असं मी समजते. पण काही पुस्तकं अशी आहेत की ती परत देताना माणूस पुस्तकाबद्दल बोलतच नाही, स्वतःचं काहीतरी सांगायला लागतो.

एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आमच्याकडे यायचे. त्यांना मी आनंद यादवांचं ‘गोतावळा’ दिलं होतं. 1971 ची कादंबरी. नारबा नावाचा शेतगडी, त्याचा मालक, मळ्यातली जनावरं, आणि मग मळ्यात ट्रॅक्टर येतो. एवढंच कथानक. त्या काकांनी पुस्तक खिडकीत ठेवलं आणि मला म्हणाले, "आमचा बैल मी बारावीत असताना विकला. बाजारात गिऱ्हाइकाच्या हातात बैल दिला, पण दावं नाही दिलं. दावं देत नसतात. ते घरी आणलं. अजून माझ्या खुंटीला आहे." मागे तिघं जण रांगेत उभे होते. त्यांतलं कुणी चुळबुळलं नाही. पुस्तक आवडलं की नाही हे त्यांनी सांगितलंच नाही, आणि मला विचारायची गरजही पडली नाही.

तेव्हापासून माझी कसोटी ठरली. जे पुस्तक परत देताना माणूस स्वतःची गोष्ट सांगतो, ते पुस्तक त्याच्यात राहिलं. अशी पुस्तकं मी मनात नोंदवत गेले, आणि काही वर्षांनी लक्षात आलं की त्यांत एक समान गोष्ट आहे: काम. लेखकाने ते काम स्वतः केलेलं असतं, नाहीतर ते करणाऱ्या माणसाच्या शेजारी फार दिवस बसलेला असतो.

आता पुस्तकांकडे येते.

पहिलं व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’. 1955 साली आलेलं, आकाराने लहान. तुम्ही शाळेत त्याचा एखादा उतारा वाचला असेल आणि म्हणून पुस्तक वाचल्यासारखं वाटत असेल. तसं असेल तर पुन्हा घ्या. माणदेशातली धनगरांची वाडी, आणि तिथे नव्याने नेमणूक झालेला तरुण मास्तर. तो वाडीत पोचतो, पण शाळेत पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे गेलेली असतात. मास्तराचं काम शिकवण्याचं, पण वाडीला हवा असतो पत्र वाचून दाखवणारा, तालुक्याला जाऊन कामं करून आणणारा, भांडण मिटवणारा माणूस. तो हळूहळू तसा होत जातो. मग वाडी मिळून तालीम बांधते, आणि पुढे दुष्काळ पडतो.

या पुस्तकात निसर्गवर्णन असं वेगळं काढून दाखवता येणार नाही. पाऊस नाही म्हणजे चारा नाही, चारा नाही म्हणजे मेंढरू नाही, मेंढरू नाही म्हणजे वाडी नाही. आभाळाकडे बघण्याला तिथे कारण आहे. म्हणून ते आभाळ आपल्यालाही दिसतं. आमच्या वाचनालयातली ‘बनगरवाडी’ची प्रत तीनदा बांधून घेतली आहे. शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी असते ना, तिच्यावर नवीन, त्यावर पुन्हा नवीन, अशा चिकटवून चिकटवून तिथे पुठ्ठ्याइतका जाड थर झालाय. संगणकावर नोंद सुरू झाल्यावर चिठ्ठीची गरज उरली नाही, पण ती मी काढू दिलेली नाही.

‘गोतावळा’ मी वर सांगितलं, पण ते तुम्हाला पहिलं म्हणून देणार नाही, आणि त्याचं कारण भाषा. ‘बनगरवाडी’त निवेदन प्रमाण मराठीच्या जवळचं आहे, माणसं बोलतात तेव्हा माणदेशी येते. ‘गोतावळा’ सगळंच्या सगळं नारबाच्या तोंडून, कागल-कोल्हापूरकडच्या बोलीत आहे. ज्याच्या कानावर ती बोली नाही त्याला पहिली पंधरा-वीस पानं अडखळायला होतं. तुम्ही नाशिककडचे, त्यामुळे तुम्हालाही होईल. पण ‘बनगरवाडी’ वाचून कान तयार झाला असेल तर तेवढं होणार नाही. आनंद यादवांचं ‘झोंबी’ लोक जास्त मागतात. ते आत्मचरित्र आहे, त्याला 1990 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि ते मोठंच पुस्तक आहे. पण जनावर आणि माणूस यांच्यातलं नातं कामातून कसं घडतं, हे बघायचं असेल तर माझा कौल ‘गोतावळा’लाच.

आता रानाबद्दल. मारुती चितमपल्लींचं नाव तुम्हाला माहीत असणारच. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्या महिन्यात आमच्याकडची त्यांची सगळी पुस्तकं बाहेर होती. लोक त्यांना अरण्यऋषी म्हणतात, प्रेमाने म्हणतात, पण त्या शब्दामुळे एक गोष्ट झाकली जाते. ते नोकरी करणारे वनाधिकारी होते. तीस वर्षांहून अधिक काळ वनखात्यात. बदल्या, तपासण्या, जंगलातल्या विश्रामगृहातल्या रात्री, वरिष्ठांचे हुकूम, हे सगळं त्यांनी केलं, आणि त्या नोकरीतूनच त्यांना जंगल मिळालं. हे नीट बघायचं असेल तर ‘चकवाचांदण’ हे त्यांचं आत्मचरित्र घ्या. ते जाडजूड आहे. एकदम सुरू करायला जड वाटलं तर आधी ‘रानवाटा’ किंवा ‘जंगलाचं देणं’ घ्या. लेख सुटे आहेत, रोज एक वाचता येतो.

चितमपल्लींकडून मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं शब्द गोळा करणं. जंगलात राहणाऱ्या माणसांकडे पक्ष्यांना, झाडांना, प्राण्यांच्या सवयींना जी नावं होती ती त्यांनी विचारून विचारून जमवली. जिथे मराठीत शब्द नव्हता तिथे घडवला. बगळे-करकोच्यांची वीण होते त्या झाडांच्या वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटलं, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. त्यांचा ‘पक्षिकोश’ सलग वाचायचं पुस्तक नाही, पण घरात असावा. आमच्या गावची एक मुलगी वनरक्षकाच्या भरतीसाठी अभ्यास करत होती तेव्हा तिने ‘रानवाटा’ नेलं होतं. नोकरी लागल्यावर वर्षाने सुटीत आली ती थेट वाचनालयात, आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या बीटमधले वनमजूर एका पक्ष्याला वेगळंच नाव सांगतात, ते कोशात आहे का बघायचंय." दोघींनी मिळून तासभर शोधलं. सापडलं नाही. तिने ते नाव स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलं. वाचलेलं राहिलं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

शब्दांवरून आणखी एक सांगते, दुकानात पुस्तक चाळताना उपयोगी पडेल. मधलं कुठलंही पान उघडा आणि नामं बघा. लेखक नुसतं ‘झाड’ म्हणतो, की ऐन, किंजळ, हेदू, बिवळा म्हणतो? ‘अवजार’ म्हणतो, की कुळव, तिफण, खुरपं म्हणतो? मजुरी किती, ती कधी मिळते, पाणी किती लांबून आणावं लागतं, हे त्याला माहीत आहे का? धरतीने हिरवा शालू नेसलाय आणि वारा कानात गुजगोष्टी सांगतोय, असं पानभर असेल तर पुस्तक खाली ठेवा. त्या लेखकाला तिथे काही काम नव्हतं. तुमच्या 11 पुस्तकांत अशी किती होती ते एकदा आठवून बघा.

माझ्या या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. 1956 सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख, पहिल्या लेखाचं नाव ‘वसंतहृदय चैत्र’. यात गोष्ट नाही, राबणारी माणसं नाहीत, घडत काहीच नाही. झाडाला पालवी कशी फुटते, कुठल्या महिन्यात आभाळाचा रंग कसा असतो, एवढंच. तरी ते विसरत नाही. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं इथे बघणं हेच काम आहे. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासक. नोंद घेण्याची, खात्री करून घेण्याची सवय त्यांच्या हाडीमाशी होती. त्यांची वाक्यं सुंदर आहेत, पण आधी ती अचूक आहेत.

या पुस्तकाबाबत माझ्याकडून एकदा चूक झाली. बारावी झालेल्या एका हुशार मुलाला मी ते मोठ्या उत्साहाने दिलं. दोन दिवसांत परत आणलं, म्हणाला, "मॅडम, यात काहीच होत नाही." दोष त्याचा नव्हता. मी त्याला सबंध वर्ष दोन दिवसांत वाचायला दिलं होतं. आता मी ‘ऋतुचक्र’ देताना सांगते, चालू महिना वाचा आणि परत आणून द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा न्या. तुम्ही विकतच घ्या. चैत्राचा लेख चैत्रात, आषाढाचा आषाढात. आणि वाचून झाल्यावर कंपनीच्या आवारातल्याच एखाद्या झाडाशी ताडून बघा. पुण्याचा चैत्र दुर्गाबाईंच्या मुंबईच्या चैत्राहून कुठे वेगळा आहे ते दिसायला लागेल, आणि तेव्हापासून ते पुस्तक तुमचं.

इथे थांबून कबूल करते की सगळं तुमच्या परिस्थितीवर आहे. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन अशी की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पहिलं वाचून सोपं वाटतं; माझी निम्मी नोकरी दुसऱ्यात गेली. तुमचं लहानपण गावात गेलं असेल तर ‘बनगरवाडी’ आणि ‘गोतावळा’ तुमच्यात लगेच मुरतील. गाव फक्त मे महिन्याच्या सुटीपुरतं असेल तर कदाचित शहरातल्या कामावरची पुस्तकं आधी लागतील. रात्री अकरानंतर थकून वाचत असाल तर सुटे लेख आणि कथा बऱ्या, कादंबरी नको. हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे, त्याप्रमाणे क्रम बदला.

शहरातल्या कामाबद्दल बोलायचं तर श्री. ना. पेंडसे. लोकांना ते कोकणचे लेखक म्हणून माहीत आहेत, ‘गारंबीचा बापू’ आणि ‘तुंबाडचे खोत’मुळे. पण त्यांनी नोकरी केली ती मुंबईत, बेस्टमध्ये. दापोलीकडचा मुलूख त्यांनी ऑफिसला जात-येत लिहिला, हे माझ्या मते तुमच्यासारख्या माणसाने लक्षात घ्यावं, कारण ठिकाण सोडलेला माणूसच कधी कधी ते जास्त नीट बघतो. त्यांची ‘लव्हाळी’ (1966) मी तुम्हाला मुद्दाम सुचवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मुंबई, एक साधा कारकून, आणि त्याची रोजनिशी. जगभर उलथापालथ चाललेली आणि हा माणूस घरभाडं, नोकरी, नातेवाईक यांत अडकलेला. संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला ती आपली वाटेल. ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत आहे. जगबुडी नदीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या पिढ्या. ते अप्रतिम आहे, पण ज्याची वाचायची सवय मोडली आहे त्याने सुरुवात तिथून करू नये. उन्हाळ्याच्या मोठ्या सुटीसाठी ठेवा.

गिरणगावासाठी जयंत पवारांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह, साहित्य अकादमी 2012. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद झाल्या, भोंगे थांबले, आणि त्या जागी मॉल उभे राहिले, हे आपल्याला बातमी म्हणून ठाऊक असतं. तीन पाळ्यांवर ज्या वस्तीचा दिवस चालत होता तिथे काम गेल्यावर माणसांचं, घरांचं, नात्यांचं काय होतं, ते या कथांत आहे. आणि गोष्ट सांगण्याची कला शिकायची असेल तर हा संग्रह दोनदा वाचावा. एका गोष्टीच्या पोटात दुसरी कशी येते, सांगणाऱ्यावर विश्वास कुठवर ठेवायचा, हे सगळं तिथे आहे.

अनिल अवचटांचं ‘माणसं’ याच रांगेत. हमाल, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाया, अशा कष्टकऱ्यांवरचे लेख. अवचट त्यांच्यात जाऊन बसतात, विचारतात आणि जसं दिसलं तसं लिहितात. विशेषणं जवळजवळ नाहीत. एका बाजारसमितीत माथाडीचं काम करणाऱ्या माणसाला मी ते दिलं होतं. त्याने परत देताना शर्टाची कॉलर बाजूला करून मला मानेजवळचा घट्टा दाखवला आणि म्हणाला, "हे लिहिलंय त्यांनी."

लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (1980) आणि दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) यांना लोक दलित आत्मकथनं म्हणून एका कप्प्यात ठेवतात. ठेवावं, त्याला कारण आहे. पण तुमच्या प्रश्नाच्या अंगाने वाचलंत तर दिसेल की ती कामाची आणि ठिकाणाची पुस्तकंही आहेत. ‘उपरा’तलं कैकाडी कुटुंब गाढवावर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरतं, फोक तोडून आणतं, कणग्या आणि पाट्या विणतं, विकतं. ज्याला स्वतःचं ठिकाणच दिलेलं नाही अशा माणसाचं हे पुस्तक. गावाबद्दलच्या आपल्या गोड आठवणी त्याच्या शेजारी ठेवून बघाव्यात. ‘बनगरवाडी’नंतर महिन्याभरात हे वाचाच, असं मी प्रत्येकाला सांगते.

नव्या पुस्तकांपैकी कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार याला आहे. धरणामुळे उठवलेलं गाव, आणि मागे जंगलात राहून रानटी झालेली म्हैस. तिला परत आणायला तिचा माणूस जुन्या गावाच्या दिशेने जातो. पाळलेलं जनावर रानाचं होतं आणि रानातला माणूस उपरा होतो. खोतांची वाक्यं छोटी, बोलीतली, एकापाठोपाठ एक येणारी आहेत. घाईने वाचून चालत नाही. धरणग्रस्तांवरची विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आधीची आणि ती तुम्ही वाचली असेल तर दोन्हींतला फरक बघण्यासारखा आहे. तिथे पुनर्वसनाचा सगळा व्यवहार दिसतो, इथे एक माणूस आणि एक म्हैस.

कथा-कादंबरी नको, खरं घडलेलं हवं, असं एखाद्या दिवशी वाटलं तर मिलिंद बोकीलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ घ्या. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे गोंडांचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावची. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू कुणाचा, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नासाठी गावाला किती वर्षं बसून कायदा समजून घ्यावा लागला, हे वाचताना ग्रामसभा म्हणजे काय ते पहिल्यांदा नीट कळतं. आमच्या तालुक्यातल्या एका सरपंचबाईंनी हे पुस्तक चार महिने परत दिलं नव्हतं. दंड मी लावला नाही.

अनुवादित एकच सांगते: जिम कॉर्बेटचं ‘माय इंडिया’. कॉर्बेट म्हटलं की नरभक्षक वाघच आठवतात. पण 1952 साली आलेल्या या पुस्तकात तो आपल्या नोकरीबद्दल लिहितो. गंगेच्या काठी मोकामा घाटावर त्याने वीसेक वर्षं रेल्वेच्या मालाची चढ-उतार करून घेण्याचं काम केलं. एका बाजूला रुंद रूळ, दुसऱ्या बाजूला अरुंद, मध्ये नदी. सगळा माल माणसांच्या डोक्यावरून जाणार. सुरुवातीच्या दिवसांत वरून पैसेच येत नाहीत, मजूर एका वेळच्या जेवणावर येतात, तरी काम थांबवत नाहीत. आणि चमारी नावाचा मुकादम, ज्याच्यावरचं प्रकरण मी तरी कोरड्या डोळ्यांनी वाचू शकलेले नाही. वाघाच्या मागावर जाताना कॉर्बेट माणसांशी जसा वागतो, त्याचं मूळ या घाटावर आहे असं मला वाटतं.

गो. नी. दांडेकरांबद्दल थोडं. ‘जैत रे जैत’ सिनेमामुळे आणि गाण्यांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कादंबरी 1965 ची, आणि ती ठाकरवाडीतल्या माणसांचं बोलणं, त्यांचा लिंगोबाचा डोंगर आणि त्या कड्यावरची मधाची पोळी यांची आहे. ‘माचीवरला बुधा’ त्याहून शांत. मुंबई सोडून राजमाचीवर एकटा राहायला आलेला म्हातारा. एका शनिवारात वाचून होतो. तुमच्या गावच्या घराला कुलूप आहे म्हणालात, म्हणून हे नाव आलं.

आता क्रम, कारण एवढी नावं एकदम घेऊन दुकानात गेलात तर पुन्हा 16 पुस्तकं घरी येतील. तीनच घ्या. ‘बनगरवाडी’, ‘ऋतुचक्र’ आणि शहरातलं एक, म्हणजे ‘लव्हाळी’ किंवा ‘माणसं’. ‘ऋतुचक्र’ वर्षभर चालू राहील, बाकी दोन एकामागून एक. ती झाली की ‘उपरा’, मग ‘रानवाटा’, मग ‘रिंगाण’ किंवा ‘गोतावळा’. वर्षाला सहा-सात झाली तरी पुष्कळ. काही नावं दुकानात मिळणार नाहीत, छपाई संपलेली असते. जवळच्या जुन्या वाचनालयात जाऊन विचारा. पुण्यात त्यांची कमी नाही. आणि काउंटरवर विचारताना नुसतं नाव सांगू नका, कशासाठी हवंय तेही सांगा. नाव नसलं तर ग्रंथपाल दुसरं काढून देईल.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल एकच गोष्ट, ती आमच्याकडे करून बघितलेली आहे. माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार हे तिघं एके काळी गावोगाव कथाकथन करत हिंडायचे, हजारो लोक बसून ऐकायचे. म्हणजे या गोष्टी कानासाठीही आहेत. आम्ही महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी वाचनालयात एक कथा मोठ्याने वाचतो. दहा-बारा माणसं येतात. त्यांत एक आजी आहेत, त्यांना आता दिसत नाही. शंकर पाटलांच्या ‘वळीव’ संग्रहातली कथा वाचत होतो तेव्हा वाचणारा मुलगा एका बोलीतल्या शब्दावर अडला, आणि आजींनी खुर्चीतूनच तो शब्द बरोबर म्हणून दाखवला, मग अर्थ सांगितला, मग त्यांच्या माहेरी तो कसा वापरायचे ते सांगितलं. कथा त्या दिवशी पूर्ण झाली नाही.

तुमच्या घरी आई-वडील असतील तर ‘बनगरवाडी’ची पहिली दहा पानं त्यांना वाचून दाखवा. मास्तर पहाटेचा वाट तुडवत वाडीकडे निघालेला असतो, तिथपासून. मध्येच ते थांबवतील आणि तुमच्या गावच्या शाळेबद्दल काही सांगायला लागतील. तेव्हा पुस्तक मिटून ऐका, पान दुसऱ्या दिवशी उघडता येईल.